खटले चालवणाऱ्या वकील मंडळींना एका रिटायर्ड स्टेनोचं खुलं पत्र

नमस्कार वकील साहेब, वकील मॅडम,

मी वकील नाही आणि तुम्हाला वकिली शिकवायला निघालेले नाही. सत्र न्यायालयात स्टेनो होते. साक्षीदार बोलायचा, जज साहेब डिक्टेट करायचे, मी टाइप करायचे, नोकरीभर हेच. त्यामुळे तुमच्यातल्या कित्येकांचे क्रॉस, म्हणजे उलटतपासण्या, मी आधी कानाने ऐकलेत आणि मग तेच कागदावर वाचलेत, आणि या दोन्हींत केवढं अंतर पडतं हे तुमच्यापेक्षा मला जास्त माहितीय असं म्हटलं तर राग मानू नका.

पत्र लिहायचं कारण असं की हल्ली ज्युनियर पोरं-पोरी सारखे 'कोर्टात प्रभाव कसा पाडायचा' याचे कोर्स करताना दिसतात. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, डोळ्यांत डोळे कसे घालायचे, हात कुठे ठेवायचे वगैरे. शिका की, कोण नको म्हणतंय. पण यातलं बरंचसं ज्युरीसमोर, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या साध्या नागरिकांच्या मंडळासमोर, बोलणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे आणि आपल्याकडे ज्युरी नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती ठेवलीच नाही. आपल्याकडे एक जज असतात, ते ऐकतात कमी आणि लिहून घेतात जास्त, आणि निकाल देतात तो लिहिलेलं वाचून. बरं, लिहून घेणारे आणि निकाल देणारे जज एकच असतील याचीही खात्री नाही. बदली झाली की नवीन साहेब येतात आणि आधीच्यांनी नोंदवलेल्या पुराव्यावर खटला पुढे चालवतात, कायद्याला ते चालतं. त्यांनी तुमचा साक्षीदार पाहिलेला नाही, तुमचा तो जबरदस्त पॉज ऐकलेला नाही, साक्षीदाराला कपाळावरचा घाम पुसताना बघितलेलं नाही. अपिलात तर बहुतेक सगळं कागदच.

ज्युरी होती तेव्हासुद्धा शेवटी कागदच भारी पडलाय. नानावटी खटला सगळ्यांना माहितीय, नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या तो. १९५९ ला ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं. बाहेर गर्दी, पेपरांत सहानुभूती, सगळं वारं आरोपीच्या बाजूने. पण सेशन्स जजना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे पुरावा वाचला गेला आणि १९६० मध्ये जन्मठेप झाली, १९६१ ला सुप्रीम कोर्टानेही ती कायम ठेवली. (हा देशातला शेवटचा ज्युरी खटला होता असं सगळीकडे छापून येतं, ते खरं नाही, त्यानंतरही झालेत.) समोरच्या आठ माणसांना पटलं होतं, आणि तरी.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्हाला पटवायचंय ते कागदाला. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता कागद कसा बनतो ते सांगते, कारण बऱ्याच जणांनी त्याचा कधी विचारच केलेला नसतो. सेशन्स ट्रायलमध्ये साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपात लिहितात, प्रश्न-उत्तर असं नाही. म्हणजे तुम्ही विचारलंत "तुम्ही त्या दिवशी घरी होता ना?" आणि साक्षीदार "हो" म्हणाला, की कागदावर येतं, "त्या दिवशी मी घरी होतो हे खरे आहे." तुमचा प्रश्न गेला, सूर गेला, तुमचे शब्द मात्र साक्षीदाराच्या तोंडी बसले. ही खरं तर केवढी मोठी सोय आहे. तुम्ही विचाराल त्या शब्दांत साक्षीदार कागदावर बोलणार! पण हीच सोय उलटते कशी बघा. एका वकिलांनी जोशात विचारलं, "तुम्ही वीस फुटांवर होता, अंधार होता आणि तुम्हाला मारणाऱ्याचा चेहरा दिसला नाही, बरोबर?" साक्षीदार म्हणाला, "नाही." मी टाइप केलं, "मी वीस फुटांवर होतो, अंधार होता व मला मारणाऱ्याचा चेहरा दिसला नाही, हे म्हणणे खरे नाही." संपलं. त्या माणसाने वीस फूट कदाचित कबूल केलं असतं, अंधारही केला असता, त्याला नाकारायचा होता तो फक्त चेहरा. आता कागदावर त्याने तिन्ही नाकारलं आणि ऑर्ग्युमेंटला वकील साहेब अंधार अंधार करत बसले. एका वेळी एकच गोष्ट विचारा हे तुम्हाला पहिल्या वर्षापासून सांगितलेलं असतं, पण ते का सांगतात ते या एका वाक्यात आहे. अंतर विचारा, थांबा, टाइप होऊ द्या. मग उजेड विचारा, थांबा. चेहऱ्याचं तर विचारूच नका, वीस फूट आणि अंधार हे दोन्ही कागदावर आलं की चेहऱ्याचं ऑर्ग्युमेंटमध्ये बोलता येतं, तिथे 'नाही' म्हणायला साक्षीदार नसतो.

आणि डिक्टेशनकडे कान ठेवा हो. साक्षीदार म्हणतो, "बहुतेक तोच होता." जज साहेब दिवसभराचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, संपवायच्या घाईत डिक्टेट करतात, "तो आरोपी होता." मुद्दाम नाही, होतं असं. त्या क्षणी तुम्ही पुढच्या प्रश्नाच्या कागदात डोकं घालून उभे असता आणि तुमचा 'बहुतेक' कायमचा जातो. तिथल्या तिथे, शांतपणे, "साहेब, साक्षीदार 'बहुतेक' म्हणाला" एवढं बोललात तर नव्वद टक्के साहेब दुरुस्त करतात. आणि एखादं उत्तर शब्दाला शब्द हवंच असेल तर तेवढा भाग प्रश्नोत्तर स्वरूपात घ्यावा अशी विनंती करता येते, जुन्या फौजदारी संहितेचं कलम २७६, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३११, जजना तो अधिकार दिलेला आहे. वापरणारे मात्र मी फार थोडे पाहिले.

प्रश्नातल्या शब्दांवरून एक आठवलं. १९७४ चा लॉफ्टस आणि पामर यांचा प्रयोग, तुमच्यातल्या काहींनी वाचला असेल. लोकांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि स्पीड विचारला. प्रश्नात क्रियापद बदललं फक्त. गाड्या 'एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाने विचारलं त्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितलं, 'एकमेकींना लागल्या' असं सौम्य विचारलं त्यांनी ३१.८. फिल्म त्याच. वर आणखी एका प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं की फुटलेली काच दिसली का, तर जोरदार शब्द ऐकलेल्यांतल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, आणि फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. म्हणजे क्रॉसमध्ये तुम्ही स्वतःच फिर्यादीचा शब्द वापरून "हल्ला झाला तेव्हा तुम्ही कुठे होता" असं विचारत असाल तर तुमचीच केस तुम्ही बिघडवताय. बचावाचं म्हणणं झटापट झाली असं आहे ना, मग पहिल्या प्रश्नापासून झटापट म्हणा. हे इतकं साधं आहे, तरी सीनियर मंडळीसुद्धा चार्जशीटची भाषा बोलताना ऐकलीत मी.

आता माझा सगळ्यात दुखरा विषय. जबाबातल्या तफावती.

वकील साहेब साक्षीदाराला गाठतात, "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?" साक्षीदार म्हणतो सांगितलं होतं. मग ते वाक्य येतं जे मी झोपेतही टाइप करू शकते, "ते माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही." वकील खुश, अशील खुश, मागच्या बाकावर बसलेले नातेवाईकही खुश. मग काही महिन्यांनी तपासी अंमलदार साक्षीला येतो. त्याला पंचनामा विचारतात, स्टेशन डायरी विचारतात, सील विचारतात, "तुम्ही खोटा तपास केला" हे तर विचारतातच, आणि "अमुक साक्षीदाराने जबाबात हे सांगितलं नव्हतं हे खरं का?" हा एक प्रश्न राहून जातो. तो राहिला की ती ओमिशन, म्हणजे जबाबात नसलेली ती गोष्ट, शाबीतच होत नाही. साक्षीदार फक्त एवढंच म्हणालाय की मी सांगितलं होतं, का लिहिलं नाही माहीत नाही. पोलिसांनी लिहिलेला जबाब हा काही आपोआप पुरावा होत नाही, तो लिहिणाऱ्याकडून शाबीत करून घ्यावा लागतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १४५, आता साक्ष्य अधिनियमाचं १४८, ते म्हणतं की लेखी जबाबाने खोटं पाडायचं असेल तर नेमका तो भाग साक्षीदाराला दाखवा. मग तो मार्क करून घ्या, पोर्शन मार्क 'ए', आणि तपासी अंमलदाराच्या तोंडून वदवून घ्या. तीन पायऱ्या आहेत, आणि लोक पहिल्या पायरीवर टाळ्या घेऊन घरी जातात. आपली सगळी पर्सुएशन त्या राहून गेलेल्या एका प्रश्नात बुडालेली असते आणि ते कळतं निकालात, "सदर तफावत शाबीत करण्यात आलेली नाही" या ओळीत. ही ओळ टाइप करताना मला कितीतरी वेळा वाईट वाटलंय, कारण तो क्रॉस मी ऐकलेला असायचा आणि चांगला झालेला असायचा.

आणि घाई करू नका. साक्षीदाराला आधी त्याच्या म्हणण्यावर पक्का बसू द्या. अब्राहम लिंकन वकील असताना १८५८ ला त्याने खुनाच्या एका केसमध्ये हेच केलं होतं. साक्षीदार म्हणत होता की चंद्राच्या लख्ख उजेडात मी सगळं पाहिलं. लिंकनने त्याला ते चांदणं पुन्हा पुन्हा सांगू दिलं, बिलकुल अडवलं नाही, आणि मग पंचांग म्हणा, अल्मनॅक म्हणा, ते काढलं, ज्यात त्या वेळी चंद्र मावळतीला टेकलेला होता. आरोपी सुटला. आपल्याकडे उलट होतं, वकील पहिल्याच वाक्याला जबाबाचा कागद फडकवतात, साक्षीदार सावध होतो आणि "तसं नाही साहेब, म्हणजे" करत पळवाट शोधतो.

शेवटी सूचनांची माळ, म्हणजे आपलं म्हणणं साक्षीदारापुढे ठेवणारी वाक्यं. "तुम्ही खोटी साक्ष देताय", "तुमचं आरोपीशी वैर आहे", "तुम्ही तिथे नव्हताच." हे म्हणणे खरे नाही, हे म्हणणे खरे नाही, हे म्हणणे खरे नाही. आपली केस साक्षीदारासमोर ठेवावीच लागते, नाहीतर नंतर म्हणतात की तुम्ही त्याला आव्हानच दिलं नाही, ते मला माहितीय. पण पाच ओळींत होणारं काम अडीच पानं चालतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेवटी उरतं काय तर साक्षीदार अडीच पानं ठाम राहिला. क्रॉस नकारावर संपवू नका. एखादी पक्की कबुली राखून ठेवा आणि ती शेवटी घ्या.

ओरडण्याबद्दल फार लिहीत नाही. ओरडणं टाइप होत नाही. जास्तीत जास्त जज साक्षीदाराच्या बाजूने झुकतात, किंवा साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा लिहायचा त्यांना अधिकार आहे तो वापरून "साक्षीदार घाबरलेली आहे" असा शेरा येतो, आणि तो तुमच्याविरुद्ध जातो.

त्याउलट एक गोष्ट जिचा वकिलांना राग येतो आणि यायला नको. जज स्वतः प्रश्न विचारतात ते. जुन्या पुरावा कायद्याचं १६५, नव्या साक्ष्य अधिनियमाचं १६८, त्यांना कोणताही प्रश्न विचारायचा अधिकार आहे. मध्येच साहेबांनी साक्षीदाराला विचारलं, "दिवा कुठल्या बाजूला होता?" की वकिलांचं तोंड वाकडं होतं, माझी लिंक तोडली म्हणून. अहो, त्यांनी तुम्हाला आत्ता फुकटात सांगितलं की त्यांच्या मनात कुठे अडलंय! तुम्ही दोन तास अंदाज बांधत होता ते त्यांनी एका वाक्यात उघड केलं. क्रॉसचा कागद बाजूला ठेवा आणि त्या दिव्याकडे वळा. ऑर्ग्युमेंटमध्येसुद्धा तसंच. "त्याच्याकडे येतोय साहेब" असं म्हणून जे पुढे जातात ते बहुतेक वेळा त्याच्याकडे येतच नाहीत, आणि साहेब पेन खाली ठेवतात. पेन खाली गेलं की तुम्ही कितीही छान बोला.

ऑर्ग्युमेंट म्हटलं की आपल्याकडे पी.डब्ल्यू. १, म्हणजे सरकार पक्षाच्या पहिल्या साक्षीदारापासून सुरुवात, मग २, मग ३, चौदा साक्षीदार असले तर चौदा. पेनिंग्टन आणि हेस्टी या दोघांनी १९८८ मध्ये एक प्रयोग छापला होता, खोटी ज्युरी बसवून. पुरावा तोच ठेवला, क्रम बदलला. सरकार पक्षाचा पुरावा घटनाक्रमाने गोष्टीसारखा आणि बचावाचा साक्षीदारांच्या क्रमाने दिला तेव्हा ७८ टक्के लोकांनी दोषी म्हटलं. उलट केलं तेव्हा ३१ टक्के. कुणी म्हणेल जज काही ज्युरी नव्हेत. खरंय, पण जजमेंट डिक्टेट करताना साहेब सुरुवात कशाने करतात? "सरकार पक्षाची थोडक्यात हकीकत अशी की". फिर्यादीची हकीकत असतेच तयार. तुमची हकीकत कुठेय? विसंगतींची यादी म्हणजे हकीकत नव्हे. आणि त्या यादीत शर्टाच्या रंगापासून जखमेच्या जागेपर्यंत सगळं एकाच आवाजात वाचलं जातं. किरकोळ फरकाला महत्त्व देऊ नये, साक्षीदाराची स्मृती काही व्हिडिओ टेप नसते, असं सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये भरवाडा भोगीनभाई प्रकरणात म्हटलंय, आणि समोरचे सरकारी वकील ते दाखवणारच आहेत. तुमच्या वीस विसंगतींमधल्या सतरा त्या एका निवाड्यात वाहून जातात आणि जाताना उरलेल्या तीन चांगल्याही घेऊन जातात. तीनच सांगा ना.

आणि तुमची कमजोर बाजू तुम्हीच आधी काढा. आरोपीचा कपडा सापडला असेल तर सापडला. समोरच्याने काढला की ती लपवलेली गोष्ट होते, तुम्ही काढला की स्पष्टीकरण द्यायची गोष्ट होते.

निवाड्यांचा गठ्ठा आणतात त्याबद्दल काय बोलू. शरद बिरदीचंद सारडा, सुप्रीम कोर्टाचा १९८४ चा निवाडा, परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं, प्रत्येक बचावाचे वकील देतात आणि द्यायलाच पाहिजे, पण देऊन पुढे जातात. या खटल्यातली साखळीची नेमकी कोणती कडी तुटलीय आणि ती कुठल्या साक्षीदाराच्या कितव्या परिच्छेदात तुटलीय हे न सांगता पाच तत्त्वं वाचून दाखवायची म्हणजे साहेबांना पाठ असलेलं परत ऐकवायचं. त्यापेक्षा लेखी टिपण द्या. युक्तिवादाचं टिपण द्यायची तरतूद जुन्या फौजदारी संहितेच्या ३१४ मध्ये होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५२ मध्ये आहे. आणि ते निकालाच्या आकारात लिहा. निकालात मुद्दे काढावे लागतात, त्यावर निर्णय आणि कारणं द्यावी लागतात. तुमचं टिपण तसंच असेल, मुद्दा, साक्षीदार, परिच्छेद नंबर, निशाणी नंबर (पुराव्यातल्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर), तर डिक्टेशनच्या दिवशी ते साहेबांच्या हाताशी असतं. कुणाच्या टिपणातलं किती निकालात उतरतं ते मी सांगणार नाही, पण चाळीस पानांच्या टिपणातलं फारसं उतरत नाही एवढं सांगते.

शिक्षेच्या सुनावणीला मात्र तुम्ही गप्प का होता हे मला कधी कळलं नाही. दोष शाबीत झाला की शिक्षेवर वेगळं ऐकून घ्यावं लागतं, आणि आख्ख्या खटल्यात माणसाबद्दल बोलायची हीच खरी जागा. तिथे काय येतं, "कमीत कमी शिक्षा द्यावी ही विनंती." बस. जर्मनीतला २००६ चा एक प्रयोग आहे, कायद्याचं काम करणाऱ्या लोकांना चोरीची एक केस देऊन फासे टाकायला लावले, फासे असे बनवलेले की बेरीज ३ तरी येणार नाहीतर ९. ९ आलेल्यांनी सरासरी जवळपास ८ महिने शिक्षा सुचवली, ३ आलेल्यांनी ५ च्या थोडी वर. फासे आपण स्वतः टाकलेत हे माहीत असून! मग सरकारी वकिलांनी आकडा बोलल्यावर तुम्ही नुसतं 'दया' म्हणालात तर खोलीत आकडा एकच उरतो. तुमचाही आकडा सांगा, आणि तो का ते सांगा, कोण अवलंबून आहे, आधी काही गुन्हा आहे का, किती काळ आत काढलाय, कागदासकट.

दिवाणीवाल्यांना एकच. सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर यायला लागल्यापासून सगळे वादी एकाच भाषेत बोलतात, "सबब, सदरहू" वगैरे. मग क्रॉसला पहिलाच प्रश्न येतो, "सदरहू म्हणजे काय?" आणि तुमचा वादी तुमच्याकडे बघतो.

काही जण म्हणतील की आता ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग येतंय, मग सूर, पॉज, घाम सगळं राहील. राहील बापडं. पण एका साक्षीदाराची पाच तासांची फिल्म निकालाच्या वेळी कोण बघत बसणार आहे हे मला कुणीतरी सांगा. कागदच चाळणार.

म्हणून सीनियर मंडळींना एक विनंती आहे. ज्युनियरला नुसतं मागे उभं करू नका, साक्ष झाली की त्याच दिवशी डिपॉझिशनची, म्हणजे टाइप झालेल्या साक्षीची, कॉपी त्याच्या हातात द्या आणि विचारा, कोर्टात आपल्याला काय मिळालं असं वाटलं होतं आणि इथे त्यातलं काय उतरलंय. पुढच्या साक्षीदाराची तयारी तिथून सुरू करा. राहिलेलं काही असेल तर तपासी अंमलदार यायच्या आत लक्षात येईल.

आणि निशाणी नंबर सांगताना जरा हळू सांगत जा, ३६ आणि ६३ मध्ये तुमचे अशील अडकतात.

आपली,
एक रिटायर्ड स्टेनो